गेम अडखळतोय, चित्र धूसर दिसतंय? नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

'गेम लॅग होतोय' एवढ्या एका वाक्यावर उपाय शोधायला निघणं, ही पहिली चूक. लॅग हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या त्रासांना लावतो. गोळी लागूनही समोरचा पडत नाही, आपलं पात्र दोन पावलं मागे ओढलं जातं, हा नेटचा त्रास. त्याचं माप पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. चित्र सतत जड चालतं, माउस फिरवला की नजर मागून येते, हा फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) तयार होतात त्याचा. आणि एरवी सगळं छान चालू असताना मधेच पाव सेकंद चित्र गोठतं, तो तिसरा; त्याला स्टटर म्हणतात. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पिंग १५० असेल तर ग्राफिक्स लो करून काही होणार नाही, आणि रॅम अपुरी असेल तर राउटर बदलून काही होणार नाही.

खालची माहिती विंडोज १० आणि ११ वरच्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहे.

न मोजता सेटिंगला हात लावणं

गेम जड चालला की बरेच जण सगळे पर्याय थेट लोवर आणतात. त्याने चित्र हमखास बिघडतं; वेग वाढेलच असं नाही. आधी कोण कोणासाठी थांबलंय ते बघायचं. प्रोसेसर प्रत्येक फ्रेमचा हिशेब मांडतो, ग्राफिक्स कार्ड ती रंगवतं, मॉनिटर ती दाखवतो. या तिघांतला सर्वांत हळू जो असेल, तोच तुमचा फ्रेमरेट ठरवतो.

मोजायला एमएसआय आफ्टरबर्नर पुरतो. तो मोफत आहे, कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो, आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर गेमच्या कोपऱ्यात आकडे दाखवतो. मॉनिटरिंगच्या टॅबमध्ये फ्रेमरेट, फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ), जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा) वापर, तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वेगळा वापर एवढं निवडा, आणि प्रत्येकासाठी 'शो इन ऑन-स्क्रीन डिस्प्ले' चालू करा. फ्रेमटाइम आकड्याऐवजी आलेखात घ्या. काही स्पर्धात्मक गेम बाहेरच्या सॉफ्टवेअरला स्क्रीनवर लिहू देत नाहीत; तिथे गेममधलेच आकडे चालू करा. व्हॅलोरंटमध्ये ते व्हिडिओ सेटिंगच्या स्टॅट्समध्ये मिळतात.

फ्रेमटाइम बघायचं कारण असं, की सरासरी आकडा फसवतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, १४४ म्हणजे ६.९. आता एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत आल्या आणि एका फ्रेमने एकटीने १७० घेतले, तर कोपऱ्यात ६० च दिसतील. डोळ्याला मात्र सणसणीत झटका बसेल. आलेखाची रेघ सपाट असेल तर ५० फ्रेमही गोड वाटतात. रेघेला सुळके असतील तर ९० सुद्धा त्रास देतात.

गेममधली एकच जागा धरा: तोच सेव्ह, तेच ठिकाण, नजर त्याच दिशेला. रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. पहिल्यात २०,७३,६०० पिक्सेल असतात, दुसऱ्यात ९,२१,६००. म्हणजे रंगकाम निम्म्याहून कमी झालं. फ्रेमरेट चांगलाच वाढला तर आडकाठी ग्राफिक्स कार्डाची होती. जवळपास होता तिथेच राहिला तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय, आणि रिझोल्यूशन कमी करून खेळण्यात काहीच हशील नाही.

या आकड्यांबद्दल तीन गैरसमज फार पसरलेले आहेत. जीपीयू ९९ टक्के दिसला की कार्ड जळेल अशी भीती वाटते. खरं तर फ्रेमरेटला मर्यादा घातलेली नसताना जीपीयूने ९५ ते ९९ टक्क्यांवर असणं हेच निरोगीपणाचं लक्षण. दुसरा, 'सीपीयू (प्रोसेसर) ३० टक्केच वापरात आहे, म्हणजे तो ठीक आहे.' बारा थ्रेडच्या (एकाच वेळी बारा कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८ टक्के दिसतो, आणि गेमचं मुख्य काम बहुतेकदा एकाच थ्रेडवर चालतं. म्हणून प्रत्येक कोअर वेगळा बघायचा. तिसरा, फ्रेमरेट ३०, ६० किंवा ७५ अशा आकड्यावर खिळलेला असेल आणि जीपीयू निम्माच वापरात असेल, तर तिथे ताकद कमी नाही. कुणीतरी मर्यादा घातली आहे. ती गेमच्या सेटिंगमध्ये, ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये, रिव्हाट्यूनरमध्ये किंवा व्ही-सिंकमध्ये (फ्रेमरेट मॉनिटरच्या वेगाशी बांधणारा पर्याय) सापडते.

केबल आणि हर्ट्झ

डेस्कटॉपच्या मागे एचडीएमआयची दोन ठिकाणं असतात. वरचं उभ्या ओळीतलं, यूएसबीच्या शेजारचं, ते मदरबोर्डचं; खाली आडव्या पट्टीत असतं ते ग्राफिक्स कार्डचं. मॉनिटर कार्डालाच जोडायचा. प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्स असेल तर मदरबोर्डला जोडूनही चित्र येतं, म्हणून चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. इंटेलच्या नावाअखेर 'एफ' असलेल्या प्रोसेसरांना अंगचं ग्राफिक्स नसतं. तिथे स्क्रीन काळीच राहते आणि चूक लगेच कळते.

नवा १४४ किंवा १६५ हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आणला तरी विंडोज बऱ्याचदा त्याला ६० वरच चालवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. हवा तो आकडा यादीत नसेल तर केबल आणि पोर्ट तपासा. एचडीएमआय १.४ वर ४के (३८४० × २१६०) फक्त ३० हर्ट्झला मिळतं आणि २५६० × १४४० साधारण ७५ ला. एचडीएमआय २.० वर ४के ६० पर्यंत जातं. डिस्प्लेपोर्ट १.२ वर २५६० × १४४० ला १४४ सहज मिळतात. स्वस्त मॉनिटरांमध्ये एचडीएमआयचं पोर्ट कमी हर्ट्झचं आणि डिस्प्लेपोर्ट पूर्ण हर्ट्झचं असा भेद असतो; तो माहितीपुस्तिकेत लिहिलेला असतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनची यादी दोन गटांत असते, वर टीव्हीची आणि खाली पीसीची. वरच्या गटात १२० पर्यंतच आकडे दिसले तर खाली सरकून पीसीच्या गटातलं १९२० × १०८० निवडा. १४४ बहुधा तिथे असतं. त्यानंतर गेमच्या आतला रिफ्रेश रेटही एकदा बघून घ्या.

रिझोल्यूशन कमी करण्याची चुकीची पद्धत

एलसीडी मॉनिटरचे पिक्सेल मोजून बसवलेले असतात. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर १३६६ × ७६८ चालवलं, तर गेमचा प्रत्येक पिक्सेल रुंदीत आणि उंचीत स्क्रीनच्या १.४ पिक्सेलांवर पसरावा लागतो. पिक्सेल अर्धा पेटत नाही, म्हणून शेजारचे रंग मिसळले जातात, आणि अक्षरं, नकाशा, नेमबाजीचं चिन्ह सगळं धुरकट होतं. पूर्ण पटीत हा त्रास टळू शकतो: २५६० × १४४० वर १२८० × ७२०, किंवा ४के वर १९२० × १०८० हे नेमकं दुप्पट आहे. त्यासाठी ड्रायव्हरमधलं इंटिजर स्केलिंग चालू करावं लागतं. एनव्हिडियाकडे ते जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० या मालिकांपासून पुढे आहे.

बहुतेकांसाठी योग्य वाट दुसरी. रिझोल्यूशन मॉनिटरचंच ठेवा आणि गेममधलं रेंडर स्केल किंवा रिझोल्यूशन स्केल कमी करा. मग फक्त त्रिमिती दृश्य कमी पिक्सेलांत रंगतं, अक्षरं आणि नकाशे पूर्ण स्पष्ट राहतात. ७५ टक्के हा आकडा बहुतेक गेम रुंदी आणि उंची दोन्हींना लावतात; म्हणजे १४४० × ८१०, मूळच्या ५६ टक्के पिक्सेल. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलांतून मोठं चित्र घडवणारी एनव्हिडियाची आणि एएमडीची तंत्रं) असेल तर ते साध्या स्केलपेक्षा बरं. दोघांच्या क्वालिटी पातळीवर १०८०पी (१९२० × १०८०) चं चित्र १२८० × ७२० मधून घडवलं जातं, परफॉर्मन्स पातळीवर ९६० × ५४० मधून. इतक्या कमी पिक्सेलांतून केस, पानं आणि तारांचं कुंपण नीट उभं राहत नाही, म्हणून १०८०पी मॉनिटरवर क्वालिटीच्या खाली जाऊ नका. ४के वर परफॉर्मन्सही चालून जातं, कारण तिथे पाया १०८०पी चा असतो.

फ्रेम जनरेशनची गोष्ट वेगळी. ते दोन खऱ्या फ्रेमांमध्ये एक बनवलेली फ्रेम घालतं. आकडा फुगतो, पण माउसला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमांच्याच वेगाचा राहतो, उलट किंचित मंदावतो. मूळ ६० च्या आसपास असतील तरच ते चालू करण्यात अर्थ आहे. २५ चे ५० करून गेम हातात येत नाही.

मॉनिटर फुल एचडी, गेममध्ये मात्र १५३६ × ८६४

हा घोळ लॅपटॉपवर नेहमीचा. विंडोजने अक्षरं मोठी दिसावीत म्हणून स्केल १२५ टक्के ठेवलेलं असतं. स्केल न समजणाऱ्या जुन्या गेमला विंडोज खोटी स्क्रीन दाखवतं: १९२० भागिले १.२५ म्हणजे १५३६, आणि १०८० भागिले १.२५ म्हणजे ८६४. गेम तेवढंच रंगवतो आणि विंडोज ते ताणून धूसर करतं, किंवा चित्राचा उजवा-खालचा भाग स्क्रीनबाहेर जातो. ड्रायव्हर पुन्हा टाकून हे सुटत नाही. गेमच्या मूळ ईएक्सई फाइलवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' इथे जा. सगळ्यांत खालच्या ओव्हरराइडच्या चौकोनात खूण करून खालच्या यादीत 'अ‍ॅप्लिकेशन' ठेवा. लाँचरच्या नव्हे, गेमच्याच फाइलला हे लावायचं, ही बारीक गोष्ट बरेचदा सुटते.

रिझोल्यूशनचा पर्यायच फिकट पडलाय, बदलता येत नाही, अशीही तक्रार असते. तेव्हा गेम बहुतेक बॉर्डरलेस (पूर्ण स्क्रीनभर, पण चौकटीशिवाय) खिडकीत चालू असतो, आणि बॉर्डरलेस डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन घेतो. फुलस्क्रीन निवडलं की पर्याय जागा होतो. ज्यांना बॉर्डरलेसच हवं, त्यांनी विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या ग्राफिक्स पानावरचं 'ऑप्टिमायझेशन्स फॉर विंडोड गेम्स' चालू ठेवावं. डायरेक्टएक्स (गेमसाठीची विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा) १० आणि ११ च्या गेममध्ये त्याने विलंब कमी होतो.

चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे, किंवा माणसं आडवी फुगलेली, हे गुणोत्तराचं प्रकरण. १२८० × ९६० हे ४:३ आहे आणि मॉनिटर १६:९. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये 'अ‍ॅडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन' इथे 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' निवडलं तर पट्टे येतात, 'फुल-स्क्रीन' निवडलं तर चित्र ताणलं जातं. काउंटर-स्ट्राइक खेळणारे अनेक जण मुद्दाम ताणलेलं घेतात. स्केलिंग डिस्प्लेऐवजी जीपीयूवर ठेवा, म्हणजे मॉनिटर आपल्या मनाने काही करत नाही.

टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जात असतील तर पीसीत काही बदलू नका. जुन्या प्रक्षेपणाच्या सवयीने टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतो. टीव्हीच्याच मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' अशा नावाचा पर्याय असतो. त्याच मेनूत गेम मोडही चालू करा. त्याशिवाय टीव्हीची स्वतःची चित्रप्रक्रिया इतका वेळ खाते, की चांगला फ्रेमरेटही जड वाटतो.

'आउट ऑफ रेंज' आलं म्हणून गेम काढून टाकणं

मॉनिटरला न झेपणारं रिझोल्यूशन किंवा हर्ट्झ निवडलं गेलं की स्क्रीन काळी होते आणि 'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड' अशी पाटी येते. आवाज मात्र चालू असतो. गेम काढून पुन्हा ८० जीबी उतरवण्याची गरज नाही. आणि ते करूनही उपयोग होत नाही, कारण सेटिंगची फाइल बहुधा गेमच्या फोल्डरबाहेर असते आणि ती तशीच राहते.

आधी ऑल्ट आणि एंटर एकदम दाबा. बऱ्याच गेममध्ये त्याने खिडकीचा मोड येतो. नाही आला तर स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल, आणि लाँच ऑप्शन्सच्या रकान्यात हायफनला चिकटून इंग्रजीत 'विंडोड' लिहा. सोर्स आणि अनरियल या इंजिनांवर (गेम बांधण्याच्या तयार पायावर) बनलेल्या गेमना हे समजतं.

तरीही नाही, तर सेटिंगची फाइल गाठायची. विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये 'लोकलअ‍ॅपडेटा' हा शब्द इंग्रजीत सलग लिहा आणि एंटर करा. अनरियल इंजिनच्या गेमचं फोल्डर बहुधा तिथे सापडतं. त्यात सेव्ह्ड, मग कॉन्फिग, आणि आत 'गेमयूजरसेटिंग्ज' नावाची फाइल. तिचं नाव बदलून ठेवा. गेम सुरू होताना नवी, कोरी फाइल बनवतो. सेव्ह्डमध्येच शेजारी 'सेव्हगेम्स' हे फोल्डर असू शकतं. त्यात तुमची सगळी प्रगती असते, त्याला बोटही लावू नका. इतर अनेक गेम आपली सेटिंग डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'मध्ये ठेवतात. फाइल बदलूनही जुनंच सेटिंग परत येत असेल तर ते स्टीम क्लाउड परत आणतंय. प्रॉपर्टीजमध्ये त्या गेमपुरतं क्लाउड बंद करा, फाइल बदला, गेम एकदा नीट चालवा, मग क्लाउड चालू करा.

रॅमची एकच स्टिक

ग्राफिक्स कार्ड परवडत नाही म्हणून रायझन ५ ५६००जी सारख्या अंगचं ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर खेळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि सर्वांत मोठं नुकसान याच मंडळींचं होतं. अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते; ते रॅममधूनच सगळं उचलतं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन स्टिक दोन चॅनेलवर (मेमरीच्या दोन स्वतंत्र वाटांवर) बसवल्या की ५१.२. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. किमतीत थोडा फरक, गेममध्ये मोठा. इंटेलचं आयरिस एक्सई तर एका चॅनेलवर आपलं नावही गमावतं, विंडोजमध्ये ते नुसतं यूएचडी ग्राफिक्स म्हणून दिसतं.

चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. शेजारी शेजारी बसवल्या तर बहुतेक मदरबोर्डवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि दोन घेऊनही फायदा मिळत नाही.

शिवाय पाकिटावर ३२०० लिहिलं म्हणून रॅम ३२०० ला धावत नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी हा रॅमला छापील वेग देणारा पर्याय चालू केल्याशिवाय अशा बऱ्याच स्टिक २१३३, २४०० किंवा २६६६ ला चालतात. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर त्याच गोष्टीला एक्स्पो म्हणतात, आसुसच्या एएमडी बोर्डावर डीओसीपी हे नावही दिसतं. नंतर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर वेग तपासा. सीपीयू-झेड १६०० दाखवत असेल तर घाबरू नका. ते निम्मा आकडा दाखवतं, १६०० म्हणजेच ३२००.

उन्हाळा, कॉम्प्युटर टेबल आणि गादी

गेम पहिली दहा-पंधरा मिनिटं छान चालतो आणि मग वेग घसरतो, तर उष्णतेवर संशय घ्या. ओळख अशी: तापमान एका आकड्यावर चिकटून बसतं आणि क्लॉक खाली येत राहतो. इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर साधारण १०० अंशांना स्वतःला आवरतात, रायझन ७००० डेस्कटॉप ९५ ला, ५००० मालिकेतले बहुतेक ९० ला. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे हो किंवा नाही असं सरळ लिहितं.

पंखा हवा थंड करत नाही. तो खोलीतली हवा फक्त फिरवतो. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात जातं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा जानेवारीत नीट चाललेला पीसी अचानक मंदावतो, आणि दोष मात्र गेमच्या अपडेटला दिला जातो.

आपल्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेट ठेवायला लाकडी कप्पा असतो, काहींना दारही. त्या कप्प्यात पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. कॅबिनेट बाहेर काढा, मागे भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटर जागा सोडा. धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून मगच ब्लोअर मारा. पंखा मोकळा फिरू दिला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी ठेवा. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवला की खालच्या हवेच्या फटी बंद होतात. कडक पाटावर ठेवून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी फरक पडतो.

लॅपटॉपवरच्या खास चुका

बॅटरीवर खेळणं ही पहिली. एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर चार्जर काढताच फ्रेमरेट ३० वर बांधला जातो. ते बंद केलं तरी बॅटरी कार्डाला पूर्ण वीज पुरवू शकत नाही. टाइप-सी चा ६५ वॉटचा चार्जर लावून खेळणं ही त्याच जातीची चूक. गेमिंग लॅपटॉपसोबत १८०-२०० वॉटचा चार्जर उगाच दिलेला नसतो.

गेम चुकीच्या ग्राफिक्सवर चालू असणं ही दुसरी. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे गेमची फाइल जोडून 'हाय परफॉर्मन्स' निवडा. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल तर खेळताना चित्र थेट कार्डातून स्क्रीनवर जाऊ द्या. अंगच्या ग्राफिक्समार्गे फिरवण्यात काही फ्रेम जातात. आणि कार्डाचं नाव सारखं म्हणून दोन लॅपटॉपांची तुलना करू नका. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपसाठी ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बांधलेलं असतं. निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सायलेंट मोड राहिला असेल तर घेतलेलं ११५ वॉटचं कार्डही ६० वर रांगतं.

मधेच बसणारे झटके

टेक्स्चर क्वालिटीचा (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांच्या दर्जाचा) स्वभाव इतर पर्यायांपेक्षा वेगळा आहे. व्हीरॅम पुरते तोवर ती अल्ट्रावर ठेवली तरी वेगाला जवळजवळ काही होत नाही. व्हीरॅम भरली की एकदम कोसळतं, कारण उरलेला माल साध्या रॅममधून पीसीआयच्या वाटेने आणावा लागतो. जीटीएक्स १६५० च्या ४ जीबीत आजचे बरेच गेम टेक्स्चर मीडियमवरच नीट चालतात. आरएक्स ६५०० एक्सटी वर हे जास्त जाणवतं. त्या कार्डाकडेही ४ जीबीच आहेत आणि पीसीआयच्या फक्त चार लेन, त्यामुळे पीसीआय ३.० च्या जुन्या बोर्डावर ती वाट आणखी अरुंद होते.

सावल्या, धुकं, प्रतिबिंबं आणि रे ट्रेसिंग हे कार्डाला जड. आधी हेच एक-एक पायरी खाली आणा. दूरवरचं दृश्य आणि गर्दीचं प्रमाण प्रोसेसरला जड. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग मात्र १६ वरच राहू द्या. ते कमी करून मिळत काही नाही आणि रस्ते-जमिनी धुरकट होतात.

नव्या जागी पहिल्यांदाच गेल्यावर झटका येतो आणि दुसऱ्या फेरीला येत नाही, तर तो शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचा झटका. डायरेक्टएक्स १२ आणि अनरियल इंजिनच्या गेममध्ये हा नेहमीचा. सुरुवातीला 'शेडर्स तयार होत आहेत' अशी पट्टी आली तर ती पूर्ण होऊ द्या. तयार शेडर डिस्कवर साठवले जातात. सफाईचं सॉफ्टवेअर किंवा डिस्क क्लीनअपमधली 'डायरेक्टएक्स शेडर कॅशे' ही ओळ ते पुसून टाकते, आणि दर आठवड्याला सफाई करणारा माणूस दर आठवड्याला तेच झटके पुन्हा खातो. मोठ्या नकाशाचा गेम हार्ड डिस्कवर असेल तर धावताना, गाडी चालवताना झटके येणारच. तो एसएसडीवर हलवा. एसएसडीवर १०-१५ टक्के जागा रिकामी ठेवा.

व्ही-सिंक

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक चालू आहे आणि कार्ड ५५ फ्रेमच काढू शकतं. दुहेरी बफर (फ्रेम ठेवायला दोनच जागा) असेल तर फ्रेमरेट ५५ न राहता थेट ३० वर पडतो, कारण चुकलेली फ्रेम पुढच्या फेरीची वाट बघते. चित्र ६० आणि ३० मध्ये उड्या मारत असेल तर कारण हेच. एक-दोन जड पर्याय उतरवून ६० च्या वर मोकळीक मिळवा, किंवा व्ही-सिंक बंद करा आणि चित्र मधून फाटलेलं दिसलं तर चालवून घ्या.

फ्रीसिंक किंवा जी-सिंक (फ्रेमरेटप्रमाणे मॉनिटरचे हर्ट्झ बदलणारं तंत्र) असलेल्या मॉनिटरवर ते चालू करा, ड्रायव्हरमधलं व्ही-सिंकही चालू ठेवा, गेममधलं बंद करा, आणि फ्रेमरेट मॉनिटरच्या कमाल आकड्याच्या तीन-चार खाली बांधा. १४४ ला १४१ किंवा १४०. ही मर्यादा एकाच ठिकाणी घाला. गेम, ड्रायव्हर आणि रिव्हाट्यूनर अशा तीन जागी घातली तर ते एकमेकांशी भांडतात. ४८ ते ७५ अशा अरुंद पट्ट्याच्या मॉनिटरवर फ्रेमरेट ४८ च्या खाली गेला की फ्रीसिंक सुटतं. फ्रेम दुप्पट करून दाखवायला वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट लागतो, आणि ७५ हे ४८ च्या दुपटीहून कमी आहे.

वाढवण्याच्या नावाखाली बिघडवणारे उपाय

एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' कमाल करा, हा सल्ला व्हिडिओंमधून वर्षानुवर्षे फिरतोय. ती खूण कोअर वाढवत नाही, मर्यादा घालते. खूण नसताना विंडोज सगळे कोअर वापरतंच. शेजारच्या 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण करून अनेकांनी आपलीच रॅम कापून घेतली आहे. दोन्ही खुणा काढा, पीसी पुन्हा सुरू करा.

पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) बंद केली तर रॅम भरताच गेम काहीही न सांगता बंद पडतो. टास्क मॅनेजरमध्ये गेमला 'रिअलटाइम' प्राधान्य दिलं तर माउस आणि आवाजच अडखळतात. एफपीएस बूस्टर म्हणून मिळणारी सॉफ्टवेअर्स मागची चार प्रोसेस बंद करतात आणि स्वतः पाचवी होऊन बसतात. कुणीतरी कापून हलकं केलेलं विंडोज टाकणं तर थेट धोक्याचं आहे. त्या फाइलमध्ये काय घातलंय हे कळत नाही, आणि त्याच पीसीवर तुम्ही बँकेचा पासवर्ड लिहिता.

खरोखर बंद करण्यासारखं एक आहे: सेटिंग्ज, गेमिंग, कॅप्चर्समधलं 'रेकॉर्ड व्हॉट हॅपन्ड'. ते मागे सतत चित्रण करत असतं. गेम मोड चालू राहू द्या.

ड्रायव्हर दर आठवड्याला पुसून टाकण्याची गरज नसते. एनव्हिडियावरून एएमडीवर गेलात, किंवा अपडेटनंतरच त्रास सुरू झाला, तर मात्र नीट करा: हवा तो ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, नेट तोडा, सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर) चालवून जुना काढा, पीसी सुरू झाल्यावर नवा टाका, मग नेट जोडा. नेट आधी जोडलं तर विंडोज मधेच आपला जुना ड्रायव्हर घालतं.

गेमच बांधलेला असेल तर

काही गेमना निर्मात्यांनीच मर्यादा घातलेली असते. २०२२ चा एल्डन रिंग ६० च्या वर जात नाही. २०१३ चा नीड फॉर स्पीड रायव्हल्स ३० ला बांधलेला आहे, आणि बाहेरून ती गाठ सोडवली तर खेळाचा वेगच बदलतो, कारण गाड्यांचा हिशेब फ्रेमांवर चालतो. मूळ स्कायरिममध्येही ६० च्या वर गेलं की वस्तू आपोआप उडायला लागतात. २०१२ मध्ये पीसीवर आलेला डार्क सोल्स तर स्क्रीन कितीही मोठी असली तरी आतून १०२४ × ७२० मध्येच रंगवायचा. मेनूतलं रिझोल्यूशन बदलून फरक पडत नव्हता, आणि तो सुटला चाहत्यांनी बनवलेल्या डीएसफिक्स या मॉडने. अशा गेमबद्दल पीसीगेमिंगविकीवर गेमचं नाव शोधा. कोणती मर्यादा आहे, सेटिंगची फाइल कुठे आहे, काय बदलल्याने काय मोडतं हे तिथे गेमवार लिहिलेलं असतं. एल्डन रिंगमध्ये आकडा ६० वर स्थिर आणि जीपीयू ५५ टक्क्यांवर दिसत असेल, तर तुमच्या पीसीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही.